ओइस्टिन्सच्या वरच्या घरातली बेरिलची रात्र

बार्बाडोसला जायचे आम्ही जानेवारी २०२४ मध्ये ठरवले. टी-ट्वेंटी विश्वचषकाचे वेळापत्रक नुकतेच जाहीर झाले होते, अंतिम सामना २९ जूनला ब्रिजटाऊनच्या केन्सिंग्टन ओव्हलवर होणार होता आणि उन्हाळ्यात श्रीवर्धनहून बाबा आमच्याकडे टोरांटोला येणार होते. भारत अंतिम फेरीत पोहोचेल की नाही हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. तरीही नवऱ्याने तिकिटांसाठी नाव नोंदवले आणि मी राहायची जागा शोधू लागले. डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत ज्या घराचे भाडे आमच्या आवाक्याबाहेर होते, तेच घर जूनच्या अखेरीस जवळजवळ निम्म्या दरात मिळत होते. जून ते नोव्हेंबर हा तिकडचा पावसाळा आणि १ जून ते ३० नोव्हेंबर हा हरिकेनचा, म्हणजे अटलांटिकमधल्या बलवान चक्रीवादळांचा मोसम, हे मी वाचले होते. पण जाणकारांचा सूर असा होता की जूनमध्ये फारसे काही होत नाही, खरा जोर ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत असतो आणि सप्टेंबरच्या १० तारखेच्या आसपास तो शिगेला पोहोचतो. त्यातून बार्बाडोस हे कॅरिबियन बेटांच्या माळेत सर्वांत पूर्वेकडे, बाकीच्या रांगेपासून जरा बाहेर काढून ठेवल्यासारखे बेट आहे आणि बहुतेक वादळे त्याच्या उत्तरेकडून वळून जातात. हे सारे खरेच आहे. अशा सरासरीवर विसंबून घर सोडताना आपण नेमके काय गृहीत धरतो, हे मात्र मला तिथे गेल्यावर, बेरिल वादळाच्या रात्री समजले.

आम्ही २४ जूनला पोहोचलो. घर क्राइस्ट चर्च परगण्यात, ओइस्टिन्सच्या मच्छीमार वस्तीच्या वरच्या अंगाला, चढावर होते. खाली घरमालकीणबाई राहत आणि वरचा मजला त्या पाहुण्यांना देत. वय सत्तरीच्या पुढचे, चालणे ताठ, बोलणे मोजके. अंगणात लाल-केशरी फुलांचे एक झुडूप होते. ते पाहताच बाबा म्हणाले, "अगं, हा तर आपला शंकासुर!" बाईंनी सांगितले की हे त्यांच्या देशाचे राष्ट्रीय फूल आहे आणि त्याला ‘बार्बाडोसची शान’ म्हणतात. कुंपणापलीकडे नीरफणसाचे झाड होते, रस्त्याकडेला गुलमोहर फुलला होता आणि बाबांना पहिल्याच दिवशी आपण कोकणात आल्यासारखे वाटले.

हवा मात्र कोकणासारखी नव्हती. ब्रिजटाऊन आणि चेन्नई जवळजवळ एकाच अक्षांशावर, १३ अंश उत्तरेला आहेत. पण बार्बाडोसच्या चारी बाजूंना समुद्र आहे आणि पूर्वेकडून व्यापारी वारे वर्षभर वाहत असतात, त्यामुळे तापमान बाराही महिने साधारण २३ ते ३१ अंशांच्या दरम्यान राहते. आपल्याकडे जूनमध्ये वाऱ्याची दिशाच पालटते आणि नैर्ऋत्येकडून मोसमी पाऊस चालून येतो, तसे तिथे होत नाही. वारा पूर्वेचाच राहतो. बदलतो तो त्यातला ओलावा. डिसेंबर ते मे कोरडे जातात. जूनपासून आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून दर तीन-चार दिवसांनी कमी दाबाची एकेक लाट अटलांटिकवर उतरते आणि वाऱ्याबरोबर पश्चिमेकडे सरकू लागते. वर्षाला अशा साठेक लाटा येतात. बहुतेकींमधून एक-दोन दिवस सरी पडतात आणि त्या पुढे निघून जातात. काहींमधून मात्र वादळ आकार घेते.

पहिल्या चार दिवसांत आम्ही हा मोसम त्याच्या सौम्य रूपात पाहिला. सकाळी पूर्वेच्या क्षितिजावर करड्या ढगाची पट्टी दिसे, दहा मिनिटांत पत्र्यावर सर वाजू लागे आणि पुढच्या दहा मिनिटांत ऊन पडून रस्ता वाळलेला असे. श्रावणच म्हणायचा, फक्त उकाडा जास्त. एके दिवशी आकाश दुधाळ, धुरकट दिसत होते. ती सहारा वाळवंटातील धूळ असल्याचे बाईंनी सांगितले. ही धूळ कोरड्या हवेसोबत येते आणि जून-जुलैत वादळांना डोके वर काढू देत नाही, म्हणून लोकांना तिचे वाईट वाटत नाही. पूर्व किनाऱ्यावर बॅथशेबाला गेलो तेव्हा तपकिरी समुद्री शेवाळाचे, सारगासमचे, गुडघाभर थर वाळूवर कुजत पडले होते आणि सडक्या अंड्यासारखा वास येत होता. २०११ पासून हे शेवाळ या बेटांवर दर काही महिन्यांनी प्रचंड प्रमाणात येऊन पडते. सुट्टीच्या जाहिरातींत ते दिसत नाही, पण तिथल्या मच्छीमारांच्या वर्षातला तो आता एक ऋतूच होऊन बसला आहे.

गुरुवारी २७ तारखेला भारताने गयानात इंग्लंडला हरवले आणि घरात एकच जल्लोष झाला. शुक्रवारी संध्याकाळी आम्ही ओइस्टिन्सच्या मासळीच्या जत्रेला निघालो, तेव्हा बाई व्हरांड्यात रेडिओ ऐकत बसल्या होत्या. दूर पूर्वेला कमी दाबाचे क्षेत्र तयार झाल्याची बातमी होती. रात्री परतलो तोपर्यंत त्याला बेरिल हे नाव मिळाले होते. मुलाने विचारले, "आजी, ते इकडे येणार का?" त्या म्हणाल्या, "येईल असे धरून चालायचे. नाही आले तर खिळे परत डब्यात ठेवता येतात."

त्या रात्री त्यांनी मला वादळाचे सूचनापत्र वाचायला शिकवले. मायामीच्या राष्ट्रीय हरिकेन केंद्राकडून दर सहा तासांनी, पहाटे ५, सकाळी ११, संध्याकाळी ५ आणि रात्री ११ वाजता, सूचना निघते. किनाऱ्याला इशारा लागू असेल तर मधल्या वेळी, दर तीन तासांनीही निघते. वादळी वारे ४८ तासांत पोहोचण्याची शक्यता असेल तर ‘वॉच’ आणि ३६ तासांत अपेक्षित असतील तर ‘वॉर्निंग’. नकाशावर एक पांढरा शंकू असतो. मी समजत होते की शंकूच्या आत धोका आणि बाहेर सुरक्षितता. तसे नाही. तो शंकू वादळाचा केंद्रबिंदू कुठून जाईल याचा अंदाज दाखवतो, तोही सुमारे दोन-तृतीयांश वेळा बरोबर ठरणारा. वारा, पाऊस आणि उधाण त्याच्या बाहेर कितीतरी दूरवर पोहोचतात. बाईंनी नकाशावर बोट ठेवून सांगितले, "रेघ आपल्या दक्षिणेला आहे म्हणून निश्चिंत होऊ नकोस. रेघेकडे पाहायचे नाही, वाऱ्याच्या वर्तुळाकडे पाहायचे." हे वाक्य मी पुढच्या तीन दिवसांत बाबांना, नवऱ्याला आणि टोरांटोहून फोन करणाऱ्या प्रत्येकाला ऐकवले.

बेरिल जूनमध्ये इतके बलवान का होत होते, याचे उत्तर समुद्रात होते. चक्रीवादळाला साधारण साडेसव्वीस अंशांहून उबदार आणि तेही बऱ्याच खोलीपर्यंत उबदार पाणी लागते. त्या वर्षी अटलांटिकच्या उष्ण पट्ट्यातील पाणी जूनअखेरीसच एरवी सप्टेंबरमध्ये असते तितके तापलेले होते. जोडीला वरच्या आणि खालच्या थरांतील वाऱ्यांत फारसा फरक नव्हता, त्यामुळे उभे राहणारे ढग तुटून जात नव्हते. जूनला सौम्य ठरवणारी कारणे त्या आठवड्यात एकेक करून गळून पडली. कॅलेंडरवर जून होता. समुद्र सप्टेंबरात जाऊन बसला होता.

शनिवारी २९ तारखेला सामना झाला. ऊन लख्ख होते, पाऊस पडलाच नाही. शेवटच्या षटकात सूर्यकुमार यादवने सीमारेषेवर मिलरचा झेल घेतला तेव्हा बाबा खुर्चीवर उभे राहिले होते. भारत ७ धावांनी जिंकला. तो आनंद मी आयुष्यभर विसरणार नाही, पण इथे त्याबद्दल अधिक लिहीत नाही. कारण मैदानाबाहेर येऊन फोन पाहिला, तो बेरिलचे हरिकेन झाल्याची आणि बार्बाडोसला ‘वॉर्निंग’ लागू झाल्याची बातमी समोर आली. ते अजून हजाराहून अधिक किलोमीटर पूर्वेला होते आणि ताशी सुमारे ३५ किलोमीटर वेगाने पुढे सरकत होते. गुणाकार-भागाकार केला, तर हाती जेमतेम दीड दिवस होता. आमचे परतीचे विमान सोमवारी दुपारचे होते. कंपनीच्या ॲपवर ते रविवारी संध्याकाळपर्यंत ‘वेळेवर’ दाखवत राहिले आणि फोन कोणी उचलत नव्हते. प्रवासविमा आम्ही जानेवारीतच काढला होता, हे बरे झाले. वादळाला नाव मिळाल्यानंतर काढलेल्या विम्यात सहसा त्या वादळाचे नुकसान धरले जात नाही.

रविवारचा दिवस हा या सगळ्या अनुभवाचा गाभा आहे. सकाळी सहाला बाईंनी परसातली खोली उघडली. आत प्लायवूडच्या अकरा फळ्या भिंतीला टेकवून उभ्या होत्या. प्रत्येकीवर पांढऱ्या रंगाने आकडा आणि दोन शब्द लिहिलेले होते: ‘३ – स्वयंपाकघर, पूर्व’, ‘७ – जिना, दक्षिण’. प्रत्येक खिडकीच्या चौकटीत बोल्ट आधीच बसवलेले होते, म्हणजे फळी टेकवायची, चकती घालायची आणि नट आवळायचा, इतकेच काम. २ जुलै २०२१ ला एल्सा हे हरिकेन बार्बाडोसवर येऊन गेले, साठाहून अधिक वर्षांनी बेटाला थेट बसलेला तो पहिला तडाखा. त्यात बाईंच्या छताचा दक्षिणेकडचा भाग उडाला होता; फळ्या त्यानंतरच्या. त्याआधीचे मोठे वादळ म्हणजे सप्टेंबर १९५५ मधले जॅनेट, तेव्हा त्या लहान होत्या. आईने त्यांना पलंगाखाली ढकलून वरून गादी टाकली होती, एवढेच त्यांना आठवत होते.

नवरा आणि मुलगा फळ्या लावत होते, मी पाणी भरत होते. बादल्या, पातेली, न्हाणीघरातला टब, धुलाई यंत्राचे पिंपसुद्धा. प्यायचे पाणी वेगळे, संडासासाठीचे वेगळे. फ्रीझरमध्ये पाण्याच्या पिशव्या दाटीवाटीने भरून ठेवल्या, म्हणजे वीज गेली तरी तो बराच वेळ थंड राहतो. मेणबत्त्या, विजेऱ्या, टिनबंद सार्डिन, बिस्किटे, औषधे, कागदपत्रे प्लॅस्टिकच्या दुहेरी पिशवीत. बाबांनी अंगणाचा ताबा घेतला. कुंड्या, खुर्च्या, कपडे वाळत घालायचा स्टँड, कचऱ्याचे झाकण, सारे त्यांनी आत आणले. कारण ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आमच्या किनाऱ्यावर आले तेव्हा शेजारच्या पडवीचा पत्रा उडून आमच्या कौलांवर आपटलेला त्यांनी पाहिला होता. त्या दिवशी आमच्या वाडीतली सुपारीची झाडे काडेपेटीतल्या काड्यांसारखी मोडली होती आणि गावात कित्येक दिवस वीज नव्हती. नारळावरच्या सुट्या शहाळ्यांकडे बोट दाखवून बाबा म्हणाले, "ही उतरवायला सांग, तोफगोळे होतील." बाईंना भाषांतर करून सांगायची गरजच पडली नाही, त्या कोयता घेऊनच आल्या होत्या.

आमच्याकडे आगोटीची बेगमी असते: तांदूळ, सुकी मासळी, लाकूडफाटा, होड्या वर ओढून झापांनी शाकारणे. ती मे महिन्याच्या अखेरीस एकदाच करायची असते, कारण पाऊस येणारच असतो. बार्बाडोसची बेगमी वेगळी वाटली. ती १ जूनला करून ठेवायची, सहा महिने तशीच ठेवायची आणि कदाचित एकदाही वापरावी लागू नये अशी प्रार्थना करायची. जे पाहुणे या काळात स्वस्तात येतात, त्यांच्या खोलीच्या मागे अशी एक बंद खोली असते. कमी दर हा त्या सहा महिन्यांच्या सावधपणाचाच एक भाग आहे, हे मला भाडे भरताना कुठेच लिहिलेले दिसले नव्हते.

दुपारच्या आत बेरिल हरिकेनच्या पाच श्रेणींपैकी चौथ्या श्रेणीला पोहोचले. जून महिन्यात एवढे बलवान हरिकेन अटलांटिकमध्ये यापूर्वी कधीच नोंदले गेले नव्हते. पंतप्रधान मिया मोटली यांनी नागरिकांना सावध केलेच, शिवाय सामन्यासाठी आलेल्या पाहुण्यांना सांभाळून घेण्याचे आवाहनही केले. भारतीय संघही बेटावरच अडकला होता. दुकाने बंद झाली, रात्री विमानतळ बंद झाला. मच्छीमार आपल्या बोटी आसऱ्यासाठी ब्रिजटाऊनच्या बंदरात घेऊन गेले होते. ओइस्टिन्सचा किनारा कधी नव्हे इतका रिकामा दिसत होता. संध्याकाळी वारा पडला. फळ्यांमुळे घरात अंधार, बाहेर पिवळसर उजेड आणि एकही पक्षी नाही.

झोप कोणालाच आली नाही. आम्ही सगळे खालच्या मजल्यावर, बाईंच्या मधल्या खोलीत, भिंतीलगत बसलो. मध्यरात्रीनंतर वाऱ्याचे झोत येऊ लागले. आपल्याकडच्या झडीसारखा तो सलग नसतो. घरघरत येतो, घराला खांदा लावून ढकलतो, मग क्षणभर सोडतो आणि त्या शांततेत पुढच्याची वाट पाहावी लागते. दोनच्या सुमारास वीज गेली. प्लायवूडच्या फळ्या थरथरत होत्या आणि ७ क्रमांकाच्या फळीचा एक नट सैल असल्याने ती ठराविक अंतराने ठक ठक वाजत होती. मुलगा ते ठोके मोजत होता. बाबा हनुमान चालिसा पुटपुटत होते, बाई स्तोत्र गात होत्या, दोघांचीही लय मधूनच एक होई. पहाटे पाचच्या सुमारास वाऱ्याचा रोख हळूहळू ईशान्येकडून पूर्वेला आणि मग आग्नेयेला वळला. बाई म्हणाल्या, "आता ते आपल्याला ओलांडून चालले आहे." उत्तर गोलार्धात चक्रीवादळ घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरते, ते दक्षिणेकडून पश्चिमेला जात असेल तर उत्तरेकडच्या माणसाला वारा असाच वळताना जाणवतो. त्यांना हे कोणी शिकवले नव्हते, त्या दरवाजाच्या फटीला हात लावून सांगत होत्या.

वादळाचे केंद्र आमच्यापासून शंभराहून अधिक किलोमीटर दक्षिणेकडून गेले. तरीही सकाळी खाली उतरलो तेव्हा दक्षिण किनाऱ्यावरचा रस्ता वाळू, दगड आणि लाकडांनी भरला होता. वाऱ्यापेक्षा जास्त नुकसान उधाणाने केले होते. ब्रिजटाऊनच्या बंदरात आसऱ्याला नेलेल्या बोटी एकमेकींवर आदळून फुटल्या, कित्येक बुडाल्या. ओइस्टिन्सचा एक तरुण मच्छीमार कट्ट्यावर बसून फोनवर आपल्या बोटीचे छायाचित्र मोठे करकरून पाहत होता; तिचे नाव लिहिलेला पुढचा भाग तेवढा पाण्याबाहेर होता. बाबा त्याच्याजवळ जाऊन बसले. दोघांची भाषा वेगळी. बाबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तो काही वेळाने रडू लागला.

त्याच सकाळी ११ च्या सुमारास बेरिल ग्रेनाडाच्या कॅरिआकू बेटावर ताशी सुमारे २४० किलोमीटरच्या वाऱ्यांनिशी धडकले. तिथली आणि शेजारच्या युनियन बेटावरची दहांतली नऊ घरे मोडली किंवा उडाली. त्या रात्री ते पाचव्या श्रेणीत गेले, नोंदींच्या इतिहासात इतक्या लवकर कधीच न झालेले असे. जे थोडे उत्तरेने सरकले असते तर आमच्यावर आले असते, ते त्यांच्यावर आले. बाईंच्या चुलतबहिणीचे सासर कॅरिआकूला आहे. दोन दिवस त्यांचा फोन लागला नाही. त्या दोन दिवसांत आमच्या परतीच्या तिकिटांविषयी मोठ्याने बोलायला मला लाज वाटत होती. तिसऱ्या दिवशी निरोप आला: सगळे जिवंत आहेत, घर नाही.

भारतीय संघ ३ जुलैला खास विमानाने निघाला आणि ४ तारखेला मुंबईत मरीन ड्राइव्हवर लोटलेली गर्दी आम्ही बाईंच्या व्हरांड्यात बसून फोनवर पाहिली. त्याच संध्याकाळचे आमचे विमान होते. तोपर्यंत बेरिल जमैकाला झोडपून मेक्सिकोच्या युकातानकडे निघाले होते. ८ जुलैला ते टेक्सासच्या किनाऱ्यावर चढले. पुढच्या वर्षी जागतिक हवामान संघटनेने बेरिल हे नाव यादीतून कायमचे काढून टाकले, त्याच्या जागी ब्रियाना आले.

निघण्यापूर्वी आम्ही फळ्या उतरवल्या. नट आणि चकत्या रॉकेलने पुसून डब्यात टाकल्या. ७ क्रमांकाच्या चौकटीत बाबांनी नवी चकती घातली. मी फळ्या परसातल्या खोलीत मिळेल तशा रचू लागले तेव्हा बाईंनी मला थांबवले आणि ११ पासून उलट्या क्रमाने रचायला लावल्या, म्हणजे १ क्रमांकाची फळी सर्वांत बाहेर राहील आणि पुढच्या वेळी ती आधी हाती येईल. पाण्याच्या रिकाम्या बाटल्या त्यांनी नळाखाली एकेक करून पुन्हा भरल्या आणि झाकणांवर तारीख लिहिली, ४ जुलै.